आधी चिप, मग लस, मग तिकीट

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच चिंतेची आहेत. घर परदेशी हलतंय, सोबत कुत्रा किंवा मांजर आहे, विमानातून न्यायचं कसं? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी तीच घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या नवऱ्याला जर्मनीत नोकरी मिळाली आहे. तो पुढच्या महिन्यात जाईल आणि मी आमच्या कुत्र्याला घेऊन त्यानंतर दोन महिन्यांनी. कुत्रा ४ वर्षांचा, २२ किलोचा आहे. रेबीजची लस दर वर्षी दिली आहे, पुस्तिकेत सगळ्या नोंदी आहेत. मायक्रोचिप मात्र बसवलेली नाही. ती आता बसवून घेतली की झालं ना?

उत्तर : नाही ताई, तेवढ्याने होणार नाही, आणि हे आज कळलं ते बरं झालं. चिप म्हणजे कातडीखाली बसवलेला ओळखक्रमांक. ती नसताना टोचलेली लस युरोपीय संघ धरतच नाही. ती लस याच कुत्र्याला दिली हे सिद्ध कसं करणार? त्यामुळे चार वर्षांच्या नोंदी असल्या तरी चिप बसवल्यावर लस पुन्हा द्यावी लागेल आणि तीच पहिली मानली जाईल.

पुढचा हिशेब तुम्ही कुठून निघताय त्यावर आहे. तुमचा देश युरोपीय संघाच्या, रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांच्या यादीत असेल, तर या लसीनंतर २१ दिवस थांबलं की पुरतं. यादीत नसेल, तर लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्याला टायटर टेस्ट म्हणतात. रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. एवढ्यावरही लगेच निघता येत नाही, नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबायचं असतं. म्हणजे १ जानेवारीला चिप आणि लस, ३१ जानेवारीला रक्त, आणि विमानात बसेपर्यंत मे उजाडतो. तुमच्या हातात तीन महिनेच आहेत. देश यादीबाहेरचा असेल तर तुमचं तिकीट पुढे ढकला, कुत्र्याचे दिवस कमी होणार नाहीत.

एक चांगली गोष्ट आहे. ही टायटर टेस्ट एकदा पास झाली आणि पुढचे बूस्टर मुदत संपायच्या आत देत राहिलात, तर युरोपसाठी ती पुन्हा करावी लागत नाही. बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तरी सगळं पहिल्यापासून सुरू होतं. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

आता नवरा आधी, तुम्ही नंतर, याबद्दल. खासगी प्रवासाच्या नियमात बसायचं तर प्राण्याचा प्रवास मालकाच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत व्हावा लागतो, नाहीतर तो व्यापारी आयातीत जातो आणि नियम बदलतात. म्हणून सगळ्या कागदांवर मालक म्हणून तुमचं नाव घाला, नवऱ्याचं नको. सरकारी पशुवैद्यकाच्या सहीचं हेल्थ सर्टिफिकेट अगदी शेवटी घ्यायचं, कारण सही झाल्यापासून दहा दिवसांत युरोपात पाय ठेवावा लागतो.

चिप १५ अंकी, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची घ्या. बसवण्याआधी डॉक्टरांना ती स्कॅन करायला सांगा, बसवल्यावर पुन्हा, आणि लस टोचताना व रक्त घेताना दर वेळी. स्क्रीनवरचा नंबर एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने कागदाशी ताडून बघायचा. माझ्याकडे आलेल्या एका लॅब्रॅडॉरची चिप मानेमागे सापडेचना. दोन्ही खांदे झाले, छाती झाली, शेवटी डाव्या पुढच्या पायावरून स्कॅनर कोपराजवळ नेला तेव्हा बीप वाजला. कातडीखाली चिप अशी सरकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत असलं, तर विमानतळावर थकलेल्या अधिकाऱ्याला बोटाने दाखवता येतं.

जर्मनीऐवजी दुसरा देश निघाला तर हे सगळं गणित बदलतं, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जपानला चिपनंतर रेबीजच्या दोन लसी, टायटर आणि नमुना घेतल्यापासून १८० दिवस लागतात. ऑस्ट्रेलियात १८० दिवस नमुना प्रयोगशाळेत पोचला त्या दिवसापासून मोजतात, शिवाय मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात किमान दहा दिवस क्वारंटाइन असतं. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे इथे जाणाऱ्या कुत्र्याला पोचण्याच्या २४ ते १२० तास आधी टेपवर्मचं (आतड्यातल्या चपट्या जंताचं) औषध डॉक्टरांच्या हातून द्यावं लागतं आणि त्याची वेळेसकट नोंद लागते. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्याला प्रवेश नाही. नियम त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा. शेजारच्यांनी दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका.

प्रश्न : आमची मांजर ६ वर्षांची आहे. कॅरिअर नुसता कपाटातून काढला तरी पलंगाखाली जाऊन बसते. दोन माणसांनी धरून कोंबावं लागतं, मग ती रडते, शू करते. चार महिन्यांनी बारा तासांचं विमान आहे. मला आत्तापासून झोप लागत नाही. काय करू?

उत्तर : तुमच्याजवळ चार महिने आहेत आणि मांजरीसाठी ते भरपूर आहेत. कॅरिअर दिसला की दवाखाना, एवढंच आजवर तिच्या वाट्याला आलंय. तो संबंध तोडायचा आणि नवा जोडायचा.

कॅरिअर आजच काढा आणि परत कपाटात ठेवू नका. त्याचं दार आणि शक्य असेल तर वरचा भागही काढून टाका, नुसती खालची परात राहू दे. ती जिथे दुपारी लोळते तिथे ठेवा आणि आत तुमचा वापरलेला, न धुतलेला सुती कपडा अंथरा. मग विसरून जा. तिला बोलावू नका, आत ढकलू नका, ती वास घेत असेल तर तिकडे बघूसुद्धा नका. मांजरीला आपण टक लावून बघतोय हे लगेच कळतं.

काही दिवसांनी जेवणाची वाटी परातीपासून हातभर अंतरावर ठेवा, मग कडेला, मग आत. ती आत चारही पाय ठेवून निवांत खायला लागली की वरचा भाग लावा. पुन्हा दोन पावलं मागे जावं लागेल, जा. मग दार लावायचं, पण ते ती खात असताना आणि वाटी रिकामी होण्याआधी उघडायचं. दार लागलं आणि उघडलं, काही झालं नाही, हे तिला पटायला हवं. इथे घाई केली की आधीचे तीन आठवडे वाया जातात. त्यानंतर कॅरिअर उचलून खोलीभर फिरवा, खालून हात देऊन, नुसत्या मुठीला धरून झुलवत नाही. मग जिना, मग इंजिन बंद असलेली गाडी, मग गल्लीला एक चक्कर. मांजरांसाठीचा फेरोमोनचा, म्हणजे त्यांना शांत करणाऱ्या गंधाचा फवारा मिळतो, तो मारायचा असेल तर तिला आत ठेवण्याच्या पंधरा मिनिटं आधी कपड्यावर मारा, म्हणजे त्यातला अल्कोहोलचा वास उडून जातो.

ती तुमच्याबरोबर केबिनमध्ये येणार असेल तर एक जागा नीट लक्षात घ्या : सुरक्षा तपासणी. कॅरिअर एक्स-रे मशिनमधून जातो आणि मांजर तुमच्या कडेवर असते, तीही गर्दीत आणि ट्रे आपटण्याच्या आवाजात. घाबरलेली मांजर अशा वेळी हातातून कशी निसटते ते मी दवाखान्यात पाहिलं आहे, तिथे निदान दार तरी बंद असतं. म्हणून हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचा पट्टा, आजपासून घरात घालायची सवय लावा, कंबरेभोवती दोन बोटं जातील इतका घट्ट. तपासणीच्या रांगेत लागताच वेगळ्या बंद खोलीत तपासणी मागा. संकोच करू नका.

शू होणारच असं धरून चाला. कॅरिअरच्या तळाशी पिल्लांसाठीचा शोषून घेणारा पॅड घाला आणि दोन पॅड पिशवीत ठेवा.

प्रश्न : कुत्र्याला कार्गोत पाठवायचंय. घरातले वडीलधारे म्हणतात, झोपेचं औषध देऊन टाका, बिचाऱ्याला कळणारही नाही. द्यावं का? आणि क्रेट किती मोठा घ्यावा?

उत्तर : औषध अजिबात देऊ नका. त्यांच्या बोलण्यातली माया मला कळते, पण गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते आणि तोल जातो. क्रेट हलला की जागा कुत्रा पाय रोवतो, गुंगीतला आपटतो. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते आणि तासन् तास बघायला कोणी नसतं. बऱ्याच एअरलाइन्स गुंगीतला प्राणी घेतच नाहीत. गाडीत मळमळणाऱ्या कुत्र्याला उलटी थांबवणारं औषध देता येतं, ते वेगळं. ते डॉक्टरांना विचारून आधी एकदा घरी देऊन बघा.

कार्गो म्हणजे अंधारं, थंडगार गोदाम अशी समजूत आहे. प्राणी ठेवतात त्या कप्प्यात हवेचा दाब केबिनइतकाच असतो आणि तापमान सांभाळलेलं असतं. खरा धोका जमिनीवर, विमानाबाहेर ताटकळताना असतो. म्हणून शक्यतो थेट विमान घ्या आणि उन्हाळ्यात रात्रीचं किंवा पहाटेचं निवडा.

क्रेटचं माप आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, नियमांप्रमाणे घ्या. कुत्रा नेहमीसारखा उभा असताना टेप लावा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत, जमिनीपासून पुढच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, ती क्रेटची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ती रुंदी. जमिनीपासून डोक्यापर्यंत, कान ताठ असतील तर कानांच्या टोकापर्यंत, अधिक अंथरूण, ती उंची. समजा नाक ते शेपूट ७६ सेंटिमीटर आणि कोपर ३४ सेंटिमीटरवर आहे, तर लांबी ९३ सेंटिमीटर हवी. माप कमी पडलं तर काउंटरवरून परत पाठवतात. क्रेटचे दोन्ही अर्धे भाग धातूच्या नटबोल्टने जोडा, नुसत्या प्लॅस्टिकच्या क्लिपांवर राहू नका. पाण्याची वाटी दार न उघडता बाहेरून भरता आली पाहिजे. आदल्या रात्री तीच वाटी पाण्यासकट फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फ हळूहळू वितळतो आणि चढवताना सांडत नाही. नखं कापून घ्या, जाळीत अडकून मुळापासून निघालेली नखं मी पाहिली आहेत.

प्रश्न : आमचा पग ९ वर्षांचा आहे, झोपेत खूप घोरतो. न्यावा की नको?

उत्तर : हे उत्तर देताना मला वाईट वाटतं, पण कार्गोत नेऊ नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या कुत्र्याची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. घाबरला की धापा वाढतात, घसा सुजतो, वाट आणखी आवळते आणि अंग तापतच जातं. हे काही मिनिटांत होऊ शकतं. म्हणूनच अनेक एअरलाइन्स या जाती कार्गोत नाकारतात. पर्शियन मांजरांनाही हे लागू आहे.

वजनाच्या मर्यादेत बसत असेल तर केबिनमध्ये नेणारी एअरलाइन शोधा. त्याआधी नाकपुड्या आणि टाळू डॉक्टरांकडून तपासून घ्या. काहींना नाकपुड्या रुंद करण्याच्या शस्त्रक्रियेने खरंच मोकळं वाटतं, पण ती प्रवासाच्या बरीच आधी व्हायला हवी. वजन जास्त असेल तर आजपासून उतरवा. आणि यातलं काहीच जमण्यासारखं नसेल, तर ज्या घरात तो आधी राहिलाय, ज्या माणसांवर त्याचा जीव आहे, तिथे त्याला ठेवण्याचा विचार करा. त्याला टाकून गेलात असं त्यात काही नाही.

प्रश्न : आफ्रिकन ग्रे पोपट नेता येईल का?

उत्तर : येईल, पण परवान्याशिवाय नाही. जवळजवळ सगळे पोपट सायटीस करारात, म्हणजे धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, बजरीगर, कॉकटिएल, गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड आणि आपला हिरवा रिंगवाला पोपट एवढे सोडून. ग्रे तर २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे निर्यात आणि आयात, दोन्ही परवाने लागतात. पोपट कायदेशीररीत्या घेतल्याचा कागद नसेल तर तो विषय तिथेच थांबतो.

प्रश्न : आम्ही महिन्यापूर्वी पोचलो. मांजर एका खोलीबाहेर येत नाही. हे असंच राहील का?

उत्तर : खात असेल, पाणी पीत असेल आणि शी-शू नीट असेल तर तिला तिच्या गतीने येऊ द्या. ती खोली तिची राहू दे, कॅरिअर दार उघडून तिथेच ठेवा आणि संध्याकाळी तासभर जमिनीवर बसून तुमचं काही वाचत बसा. दिवसभर काहीच खाल्लं नाही असं झालं तर मात्र थांबू नका, उपाशी मांजरीच्या यकृतावर फार लवकर परिणाम होतो. आणि चिपच्या नोंदणीत नवा पत्ता, नवा फोन घातलाय का ते आजच बघा. नव्या गावात दारातून निसटली आणि कोणी तिला स्कॅन केलं, तर बंद पडलेला जुना नंबर लागून उपयोग नाही.