दातांची विचारपूस : मशीनने रूट कॅनॉल, पण कोणाकडून?

प्रश्न : माझ्या खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनॉल करायचं आहे. गावात नव्यानेच दवाखाना थाटलेल्या डॉक्टरताई ते मशीनने करतात. सासरे म्हणतात, त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडेच जा, ते 30 वर्षं हाताने करताहेत. नवख्या हातात मशीन धोक्याचं असतं का?
– एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ताई, आधी मशीनची भीती काढते. दाढेच्या मुळांतले कॅनॉल, म्हणजे आतल्या बारीक नळ्या, क्वचितच सरळ असतात, टोकाकडे ते वळतात. मी शिकले स्टीलच्या फाइलींवर, म्हणजे कॅनॉल खरवडून साफ करायच्या सुईसारख्या बारीक हत्यारांवर. स्टील ताठ, त्यामुळे जाड फाइल वळणावर सरळच जायला बघते आणि कॅनॉलच्या भिंतीत पायरी पडते. निकेल-टायटॅनियमच्या फाइलीचा पहिला अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. ती फाइल दात सरळ करायच्या तारेतून घडवली होती! हा धातू वाकून पुन्हा सरळ होतो, म्हणून मशीनच्या मोटरवर मिनिटाला साधारण 300 फेऱ्यांनी फिरवता येतो. शिकाऊ विद्यार्थ्याच्या हातूनही मग कॅनॉलचं मूळ वळण बरंच टिकतं. स्टीलने तेवढं जमायला मला तीन-चार वर्षं लागली होती.

पण या धातूची एक खोड आहे. स्टीलची फाइल थकली की बहुतेकदा तिचे पीळ उलगडलेले दिसतात, आपण ती टाकून देतो. ही मात्र पुष्कळदा काहीच न दाखवता तुटते. टोक अडकलं आणि मोटर फिरतच राहिली की पिळाने, नाहीतर वळणावर फार वेळ फिरली की थकून.

माझ्याकडून ती तुटली 2006 साली. मोटर घेऊन तीन महिने झाले होते, पण दवाखान्याला 10 वर्षं झाली होती, हे लक्षात घ्या. खालचीच दाढ, एका शिक्षकांची. स्टीलच्या सवयीने मी फाइल आत रेटली आणि जवळजवळ 3 मिलिमीटरचा तुकडा मुळात राहिला. त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, एक्स-रे दाखवला आणि रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडे पाठवलं. तुकड्याच्या बाजूने वाट काढून दाढ वाचली. रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून नुसती वर्षं मोजू नका. हाताने 30 वर्षं केलेला डॉक्टर मोटर हातात घेतो, तेव्हा त्या हत्यारापुरता तोही नवाच असतो. बोटांना एक गोष्ट नव्याने शिकावी लागते : न रेटणं. पेन्सिलीचं टोक न मोडता लिहावं, तेवढाच दाब. मोटर लावण्याआधी 10 नंबरची, टोकाशी 0.10 मिलिमीटर जाड असलेली फाइल हाताने शेवटपर्यंत नेऊन वाट चाचपायची. ती अडली तर मोटर लावायचीच नाही. दोन-तीनदा हलकेच खाली-वर केली की फाइल बाहेर काढायची, पुसायची, कॅनॉल हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणाने धुवायचा. हे धुणं मी फार महत्त्वाचं मानते, कारण कॅनॉल गोल नसतो आणि भिंतींचा बराच भाग फाइलीला लागतच नाही.

जुन्या हाताचा खरा उपयोग मोटर सुरू होण्याआधी होतो. वरच्या पहिल्या दाढेत चौथा कॅनॉल पुष्कळदा लपलेला असतो. तो कुठे शोधायचा हे शेकडो दाढा उघडल्यावर डोळ्यांना कळतं.

डॉक्टरताईंना सरळ विचारा : मोटरवर किती दाढा केल्यात? दाताभोवती रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लावता का? एक फाइल किती वेळा वापरता? मूळ फार वाकडं निघालं तर कोणाकडे पाठवता? हेच प्रश्न सासऱ्यांच्या डॉक्टरांनाही विचारा. शेवटच्या प्रश्नाला चटकन उत्तर देणाऱ्याकडे मी माझी स्वतःची दाढ निर्धास्त देईन. डॉक्टरताई नवीन असतील, पण कुठे थांबायचं हे ठरवून बसल्या असतील, तर त्यांच्याकडे जा.