‘आमचे हे खरंच बदललेत काय?’

“बाई, हे खरंच बदललेत की नुसतं सोंग आहे, ते तुम्हीच बघून सांगा.”

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून दोन बस बदलून ती बेळगावला आली होती. (ओळख पटेल असं सगळं मी इथं बदललं आहे.) चार वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत तिच्या नवऱ्याचं तारण झालं, म्हणजे तो ख्रिस्ताच्या विश्वासात आला. दारू सुटली ती सुटलीच. आता रविवारी तो साक्ष द्यायला, म्हणजे आपण कसे बदललो ते मंडळीपुढं सांगायला, उभा राहिला की माणसं डोळे पुसतात. आणि घरी? “आमटीत मीठ कमी पडलं की ताट भिरकावतात. मी काय समजायचं?”

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येतो. बायका नवऱ्याबद्दल विचारतात, आया होऊ घातलेल्या जावयाबद्दल, आणि पुष्कळजण, आवाज खाली आणून, स्वतःबद्दल. बेळगावात मिशनचं काम 1820 पासूनचं. त्यामुळं आमच्याकडे पिढीजात ख्रिस्ती आणि परवा विश्वासात आलेले एकाच बाकावर बसतात. नवे जुन्यांना ‘नावाचे’ म्हणतात, जुने नव्यांना ‘चार दिवसांचे’.

आधी मी विचारलं, हात उचलतात का? नाही म्हणाली. थोड्या वेळानं परत विचारलं. मारहाण असती तर बदल खरा की खोटा याची चर्चा मी केलीच नसती. आधी तिला सुरक्षित जागी हलवलं असतं.

मग तिनं वचन काढलं. “‘त्यांच्या फळांवरून तुम्ही त्यांना ओळखाल’ असं प्रभूनंच सांगितलंय की.”

सांगितलंय. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 7व्या अध्यायात. पण ते मेंढरांच्या वेषात येणाऱ्या खोट्या संदेष्ट्यांबद्दल आहे. बायकोनं रोज संध्याकाळी नवऱ्याला तोलायचा तो काटा नव्हे. आणि तिथंच चार ओळी खाली, प्रभूच्या नावानं संदेश देणारे, भुतं काढणारे, अद्‌भुत कामं करणारेसुद्धा ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ हे उत्तर ऐकतात. वरदान, म्हणजे देवानं दिलेली असली शक्ती, वेगळं; फळ, म्हणजे बदललेला स्वभाव, वेगळं. करिंथच्या मंडळीत वरदानांना तोटा नव्हता, आणि तिथलेच भाऊ एकमेकांना कोर्टात खेचत होते. प्रेषित पौलाला आपल्या पत्रात त्यावरही लिहावं लागलं. आपल्याकडे मात्र गळा गोड आणि प्रार्थना लांब असली की माणूस आत्मिक ठरतो.

तिच्या परसात दोन आंबे आहेत. मी म्हटलं, मोहोर किती येतो आणि टिकतो किती?

ती हसली. “धुकं पडलं की सगळा काळा पडतो. धरलं तर शंभराला एखादं.”

तिला मी एक काम दिलं. तीन आठवडे त्यांच्या चुका मोजायच्या नाहीत. चूक झाल्यावर पुढं काय होतं, तेवढंच लिहायचं.

ती कॅलेंडरच्या पानामागं लिहून घेऊन आली. बरंचसं ‘काही नाही, झोपले’ असंच होतं. पण एका मंगळवारी ताट भिरकावल्यावर अर्ध्या तासानं तो उठला, भिंतीकडेचा भात वेचला, मोरीत बसून ताट घासलं आणि म्हणाला, “माझं चुकलं.”

“सुनेसमोर, बाई! मला एकटीला गाठूनसुद्धा कधी म्हटलं नव्हतं.”

ताट फेकलं म्हणून हे तिनं धरलंच नव्हतं. गलतीकरांच्या पत्रात देहाची ‘कर्मे’ अनेक आहेत, आत्म्याचं ‘फळ’ मात्र एकवचनी. प्रीती, आनंद, शांतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गोष्टी त्या एका फळात येतात. ते सगळीकडून सारखं पिकत नाही, एवढं आंबा राखणाऱ्या बाईला मी काय सांगणार?

पुढच्या खेपेला नवरा आला. बसल्याबसल्या रडला. रडण्यावर मी फारसं विसंबत नाही, माझ्या स्वतःच्याही. मी विचारलं, “भावाशी बोलणं आहे का तुमचं?”

बराच वेळ गप्प. मग हळूहळू निघालं. वाटणी झाल्यापासून दरवर्षी नांगरटीच्या वेळी तो भावाच्या बाजूनं थोडाथोडा बांध कोरत आला होता. एका वर्षी डोळ्यांत न भरेल इतकाच.

“हे साक्षीत कधी आलं नाही?”

“दारूचं सांगतो की. हे कसं सांगू? भाऊ समोरच बसलेला असतो.”

मी बायबलमधल्या जक्कय जकातदाराची गोष्ट काढली. लुबाडलेलं चौपट परत करायचं त्यानं कबूल केलं, पण त्याआधी प्रभू त्याच्या घरी आला होता. क्रम तोच आहे, हे मी दोनदा बजावलं. नाहीतर हा माणूस बांध देऊन तारण विकत घ्यायला निघाला असता. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे. बांध त्याच्यामागून येतो. पण चार वर्षं आलाच नाही, तर विचारायला नको?

तिला मी शेवटपर्यंत ‘खरा’ की ‘खोटा’ हे सांगितलं नाही. असला दाखला देणं माझ्या हातात नाही. लूकच्या 13व्या अध्यायातल्या अंजिराला तीन वर्षं फळ नव्हतं, तरी माळी म्हणाला, आणखी एक वर्ष राहू द्या, मी खणून खत घालतो. खत घालणं म्हणजे मुकाट सोसणं नव्हे, हेही तिला सांगितलं. ताट भिरकावलं तर दुसरं वाढायचं नाही.

मे महिन्यात तिचा फोन आला.

“बांध मोजून घेतला, बाई. दीड हात आमच्याकडून गेला. रात्रभर कुरकुरत होते, भावाला नावं ठेवत होते.”

“मग?”

“मग काय, सकाळी पहार घेऊन खुंट्या ठोकायला स्वतःच गेले. चहासुद्धा घेतला नाही.”