वाचकांचे प्रश्न : फी न भरता प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग

प्रश्न : मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. प्रॉम्प्ट इंजिनिअरिंगच्या क्लासची फी १५ हजार सांगितली. कोडिंग येत नसताना हे फुकटात नीट शिकता येईल का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर : नक्की येईल. प्रॉम्प्ट म्हणजे एआय चॅटला दिलेली सूचना, आणि ती नेमकी लिहिण्याचं कसब म्हणजे प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग. वाचायला डेअर-एआय या संस्थेचं ‘प्रॉम्प्ट इंजिनिअरिंग गाइड’ घ्या. ते इंटरनेटवर मोफत आहे. त्यातली झीरो-शॉट (उदाहरण न देता विचारणं), फ्यू-शॉट (काही उदाहरणं देऊन विचारणं) आणि चेन-ऑफ-थॉट (पायरीपायरीने विचार करायला लावणं) ही प्रकरणं आधी वाचा, एजंटांचा (स्वतःहून टप्प्याटप्प्याने कामं करणाऱ्या एआयचा) भाग नंतर. सरावाला अँथ्रोपिक या एआय कंपनीचं, गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरचं ९ प्रकरणांचं ट्युटोरियल आहे. ते जसंच्या तसं चालवायचं तर एपीआय की (प्रोग्रॅममधून एआय वापरायची किल्ली) लागते आणि तिचे पैसे पडतात. पण त्यातले प्रॉम्प्ट कॉपी करून कुठल्याही मोफत चॅटमध्ये टाकले तरी काम भागतं. अँड्र्यू एनजी आणि इसा फुलफर्ड या एआय तज्ज्ञांचा २०२३चा छोटा कोर्स चांगला आहे, पण त्यातली उदाहरणं पायथन या कोडिंगच्या भाषेत आहेत, म्हणून तूर्त बाजूला ठेवा.

खरं शिक्षण मात्र वाचनात नाही, तपासणीत आहे. तुमच्याच कामातलं उदाहरण घ्या. किरकोळ खर्चाच्या २० व्हाउचरांचे तपशील एक्सेलमध्ये उतरवा. नावं, फोन नंबर, खाते क्रमांक आधी काढून टाका, कारण मोफत सेवांत टाकलेला मजकूर ती सेवा देणारी कंपनी आपलं मॉडेल (चॅटमागे उत्तरं देणारा एआय) सुधारण्यासाठी वापरू शकते. शेजारच्या रकान्यात प्रत्येकाचं बरोबर खातं स्वतः लिहा : प्रवास, छपाई, दुरुस्ती, चहापाणी, इतर. आता साधा प्रॉम्प्ट द्या : ‘खालील खर्च या पाच खात्यांपैकी एकात टाक. फक्त खात्याचं नाव लिही.’ किती बरोबर आले ते मोजा.

चुका बहुधा इथे होतील : ‘प्रिंटर दुरुस्तीला नेला, रिक्षा १२०’. मॉडेल ‘दुरुस्ती’ हा शब्द पकडून तिकडे टाकतं. पैसे गेले रिक्षाला. अशा वेळी ‘काळजीपूर्वक कर’ म्हणून फारसं काही साधत नाही. नियमच सांगावा लागतो : ‘वस्तू कोणती ते पाहू नकोस, पैसे कोणाला आणि कशासाठी दिले ते पाहा.’ सोबत अशीच दोन सोडवलेली उदाहरणं द्या. ती त्या २० मधली नकोत, नाहीतर उत्तरच सांगितल्यासारखं होतं आणि गुण खोटे वाढतात.

एका वेळी एकच बदल करा, दर वेळी नवं चॅट उघडा (जुन्या संभाषणाचा परिणाम उत्तरावर होतो), मेमरी (आधीची संभाषणं लक्षात ठेवायची सोय) बंद ठेवा. तोच प्रॉम्प्ट तीनदा चालवा. एकाच व्हाउचरला वेगवेगळी खाती आली, तर नियम अजून मोघम आहे असं समजा. प्रॉम्प्टची प्रत्येक आवृत्ती आणि तिचे गुण त्याच एक्सेलमध्ये तारखेसह ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत ही फाइल प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलेल.

प्रश्न : सूचना मराठीत द्याव्यात की इंग्रजीत? मराठी मजकुरातले आकडे चुकतात. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सूचना मराठीत चालतात. फरक एवढाच की तोच मजकूर देवनागरीत सहसा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) खातो, म्हणून मोफत मर्यादा लवकर संपते आणि लांब कागद तुकड्यांत द्यावा लागतो. ‘उत्तर मराठीत, देवनागरीत’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर मध्येच हिंदी वळणाची वाक्यं शिरतात.

आकड्यांत सर्वाधिक घोळ दीड, अडीच, साडे, पावणे यांचा. ‘अडीच हजार’ म्हणजे २,५०० आणि ‘पावणेदोनशे’ म्हणजे १७५, अशी दोन-तीन उदाहरणं प्रॉम्प्टमध्येच द्या आणि उत्तरात दोन रकाने मागा : मूळ मजकुरातले शब्द आणि अंकांतली रक्कम. शेजारीशेजारी दिसले की चूक लगेच पकडता येते. बेरीज मात्र मॉडेलकडून करून घेऊ नका. ती एक्सेलचं काम. तारखांना क्रम सांगा : दिवस, महिना, वर्ष, नाहीतर ०५/०६ हा ५ जून की ६ मे, हे मॉडेल आपल्या मनाने ठरवतं. शिवाय ‘माहिती नसेल तर “उल्लेख नाही” लिही’ हे वाक्य घालाच. रिकामी जागा भरायची मॉडेलला सवय असते, आणि ही वाट दिली नाही तर न सापडलेली रक्कमही ते ठोकून देतं.

प्रश्न : ‘५०० तयार प्रॉम्प्ट’ची पीडीएफ विकत घ्यावी का? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : नको. तसले प्रॉम्प्ट इंटरनेटवर फुकट मिळतात, आणि तुमच्या कामाचे नियम त्यांत नसतात.