सेकिरोने निराशा केली? आधी मागे सरकणं थांबवा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: डार्क सोल्स 3 आणि ब्लडबोर्न दोन्ही संपवले, सगळे डोक्यावर घेतात म्हणून सेकिरो हा तलवारबाजीचा गेम घेतला, पण लढाया रटाळ वाटतात, एकेका बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, पंधरा-वीस मिनिटं जातात, लेव्हल वाढवता येत नाही, दुसरी तलवार नाही, आणि आता किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो या बॉसपाशी अडकलाय. पुढे खेळू की सोडू?

त्या पंधरा-वीस मिनिटांतच दुखणं कळतं. गेनिचिरोची लढाई जमली की चार-पाच मिनिटांत आटोपते. तुम्ही सोल्सच्या सवयीने खेळताय: बॉसभोवती फिरायचं, एक वार करायचा, मागे उडी घ्यायची, पुन्हा संधीची वाट बघायची. सोल्समध्ये हे शहाणपणाचं आहे, सेकिरोत मात्र याच सवयीने घात होतो. इथे शत्रूची खरी पट्टी रक्ताची नाही, पोश्चरची, म्हणजे तोलाची. वर मधोमध दिसणारी ती पिवळी-केशरी पट्टी भरली की बॉस कोलमडतो आणि एका घावात त्याचा एक टप्पा संपतो. तुम्ही मागे सरकलात की ती पट्टी उतरायला लागते. म्हणजे प्रत्येक उडीगणिक आधीची मेहनत तुम्हीच पुसून टाकता आणि शेवटी तिळातिळाने रक्त कमी करत बसावं लागतं. कंटाळा येणारच.

आता एक बारकावा, जो गेम नीट सांगतच नाही. बॉसचं रक्त जितकं कमी, तितकी त्याची पोश्चरची पट्टी हळू उतरते. त्यामुळे सुरुवातीला दम धरून थोडे थेट घाव बसवा. रक्त अर्ध्यावर आलं की पोश्चरची पट्टी चढलेलीच राहते, मग फक्त दाब सोडायचा नाही. तुमचं स्वतःचं पोश्चर भरत आलं तर दोन पावलं मागे येऊन एल1, म्हणजे गार्डचं बटण, धरून ठेवा; गार्ड धरलेला असताना ते लवकर उतरतं. आणि अगदी वेळेवर डिफ्लेक्ट केलंत, म्हणजे वार पडतानाच एल1 दाबून तो परतवलात, तर तुमची पट्टी काठोकाठ भरली तरी तोल जात नाही. तोल जातो तो नुसत्या ब्लॉकमुळे.

डिफ्लेक्टसाठी एल1 ठोकत सुटू नका. घाईघाईने वारंवार दाबलं की अचूक डिफ्लेक्टची मुदत आक्रसत जाते. अर्धा सेकंद बोट उचललंत की ती पूर्ववत होते. एका वाराला एक दाब, इतकंच. फरक कानाने ओळखा: अचूक डिफ्लेक्टचा आवाज टणत्कारी असतो आणि ठिणगी मोठी उडते, साध्या ब्लॉकचा आवाज बोदा. हीच ठिणगी उलट बाजूनेही वाचायची असते. तुम्ही आर1 (वाराचं बटण) मारत असताना बॉसने तुमचा वार तशाच मोठ्या ठिणगीने परतवला, तर त्याची पाळी सुरू झाली. तिसरा-चौथा वार हाणायचा मोह तिथेच आवरा आणि एल1साठी तयार राहा. गेनिचिरोच्या हातून बहुतेक जण इथेच मरतात, कारण वार सुरू झाल्यावर बोट आर1वरून हलत नाही.

लाल खूण चमकली की तीन शक्यता. भोसकणं असेल तर मिकिरी काउंटर हे कौशल्य: डॉजचं (वार चुकवायचं) बटण दाबायचं, स्टिक पुढे किंवा मोकळी. बाजूला किंवा मागे ढकललीत तर फक्त डॉज होतो आणि भोसकले जाता. पायाशी आडवा वार असेल तर उडी, आणि हवेत असतानाच पुन्हा उडीचं बटण, म्हणजे त्याच्या डोक्यावर पाय देऊन पोश्चरला चांगला दणका बसतो. पकडायला आला तर सरळ लांब व्हा. गेनिचिरो उंच उडी मारून तलवार खाली आपटतो, त्यानंतर भोसकणं किंवा आडवा वार यांपैकी एक येतो. आपटलेली तलवार डिफ्लेक्ट करा, मग खुणेकडे नाही, पात्याकडे बघा: टोक तुमच्यावर रोखलेलं असेल तर मिकिरी, नाहीतर उडी. तिसऱ्या टप्प्यातली वीज अंगावर येताना उडी मारा, हवेतच ती अंगावर घ्या आणि पाय जमिनीला लागण्याआधी आर1 दाबा. वीज त्याच्याकडेच परत जाते.

मिकिरी अजून घेतलं नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते घ्या. मोडक्या देवळाबाहेर हानबेई हा सरावाचा योद्धा उभा असतो, न मरणारा. डिफ्लेक्ट आणि मिकिरी दोन्हींचा सराव त्याच्यावर फुकट होतो. अर्धा तास तिथे घालवा. फटाके नसतील तर क्रोज बेड मेमोरियल मॉब या व्यापाऱ्याकडे 500 सेनला (सेन म्हणजे गेममधले पैसे) मिळतात. ते फुटले की बरेचसे शत्रू क्षणभर गडबडतात आणि तुमचे दोन-तीन वार वसूल होतात. लेव्हल नाही हे खरं, पण वाढ आहे: चार प्रेयर बीड्सची एक माळ, तिने रक्त आणि पोश्चर दोन्ही वाढतात, मोठ्या बॉसच्या मेमरीने वाराची ताकद, बियांनी औषधाच्या भोपळ्याचे घोट, जास्तीत जास्त दहा. मेल्यावर हातचे निम्मे सेन आणि पुढच्या स्किल पॉइंटसाठी साठलेला निम्मा अनुभव जातो, म्हणून बॉसआधी सेनच्या थैल्या घेऊन ठेवा. थैल्या मेल्यावरही शाबूत राहतात.

यंत्रही तपासा. पीसीवर गेम सेकंदाला 60 फ्रेम्सवर अडवलेला आहे, पण तो 60ला स्थिर हवा. 45-60 मध्ये हेलकावे खात असेल तर सावल्या आणि रेझोल्यूशन उतरवा. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. एरवी सुरेख दिसणाऱ्या पडद्यावरही तो बंद असताना बटणाला उशीर होतो आणि दोष आपल्या हाताला लागतो.

काही राग मात्र रास्त आहेत. भिंतीला पाठ लागली की कॅमेरा वेड्यासारखा फिरतो. साखळदंडाचा राक्षस, म्हणजे चेन्ड ओगर, पकडताना हात लांब असूनही ओढून घेतो, आणि वाईट म्हणजे सुरुवातीचीच ही मोठी लढाई तुम्हाला डिफ्लेक्टऐवजी पळायला शिकवते. त्याच्यावर उपाय आग: हिराता इस्टेट या भागातून फ्लेम बॅरल आणून मोडक्या देवळातल्या शिल्पकाराकडून नायकाच्या कृत्रिम हाताला बसवून घ्या. हेडलेस नावाच्या शत्रूंच्या लढाया मला आजही बेचव वाटतात. त्या ऐच्छिक आहेत, खुशाल टाळा. काही मिनी-बॉस तर नाव बदलून पुन्हा येतात.

सोडायचं की नाही, हे गेनिचिरोवरच ठरवा, कारण तो याच कौशल्यांची परीक्षा घेतो. हानबेईपाशी सराव करून या, आणि पुढच्या काही लढतींत जिंकण्याचं डोक्यातून काढून फक्त पहिला टप्पा मागे न सरकता खेळा. ठिणग्यांची लय हाताला लागली आणि मजा यायला लागली तर पुढचा गेम तुमच्यासाठीच आहे, 2020च्या अपडेटमध्ये आलेल्या बॉस गॉन्टलेटसकट, म्हणजे एकापाठोपाठ एक बॉसशी लढाया. लय लागली तरी मजा येत नसेल, आणि मन नवी शस्त्रं, चिलखतं, जादू, सोबतीला मित्र यांकडेच ओढत असेल, तर त्यातलं काहीच पुढे येणार नाही. मग गेम काढून टाका आणि एल्डन रिंग किंवा निओह 2 घ्या.