विहीर मार्चनंतर आटते. माडांना आच्छादन केलं तर फळगळ थांबेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुरबाडजवळ चाळीसेक माडांची वाडी, घरापुरतं खोबरेल तेल तिथूनच निघतं, मार्चनंतर विहिरीला पाणी राहत नाही आणि एप्रिल-मेमध्ये सुपारीएवढी फळं गळून पडतात. तेव्हा मार्चमध्ये आळ्यात पेंढा पसरावा का, आणि बांधावरच्या मोहाच्या झाडांनाही तेच करावं का?

आच्छादन जरूर करा, पण मार्चची वाट बघू नका. आच्छादनाने पाणी तयार होत नाही, जमिनीत जे आहे ते उडून जाणं फक्त कमी होतं. ठाणे जिल्ह्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. पुढचे सात-आठ महिने माडाला याच ओलीवर आणि तुमच्या विहिरीवर काढायचे असतात. ऑक्टोबरचं ऊन वरची माती भराभर सुकवतं. त्यामुळे परतीचा पाऊस थांबून जमीन वाफशावर (चिखल नाही पण ओलसर, अशी) आली की लगेच, दसऱ्याच्या सुमारास, आळी झाकून टाका. मार्चमध्ये कोरड्या मातीवर पेंढा टाकून फारसं काही हाती लागत नाही. तोवर उशीर झालाच असेल तर आधी आळं भरून पाणी द्या आणि ते मुरल्यावर झाका.

कुठवर झाकायचं? बुंध्याला सहा फुटांची दोरी बांधून गोल फिरा. पाणी आणि खत घेणारी बरीचशी मुळं याच वर्तुळात असतात. बुंध्याच्या अगदी लगतची वीतभर जागा मात्र मोकळी ठेवा.

आमची वाडी ठाण्यात कोलशेतला आहे, खाडी जवळच. इथे ओल उडाली की खालचा क्षार वर चढतो आणि उन्हाळ्यात उघड्या आळ्यात मातीवर पांढरी खपली धरते. झाकलेल्या आळ्यात ती दिसत नाही. मुरबाडला तुम्हाला क्षाराची काळजी नाही, पण माती किती जोराने सुकते याचा अंदाज यावरून येईल.

कशाने झाकायचं म्हणाल, तर माडाला माडाचंच द्यावं असं माझं ठाम मत आहे. सोडणं, म्हणजे नारळाची काथ्याची सालं, पाणी चांगलं धरतात आणि त्यांच्यात पालाश (पोटॅश) भरपूर असतं. माडाला पालाशाची भूक मोठी. तेल काढायला नारळ सोलता तेव्हा सोडणं चुलीत घालू नका. एका मोठ्या माडाला अडीचशे-तीनशे सोडणं लागतात, त्यामुळे सगळी झाडं एका वर्षात होणार नाहीत. दरवर्षी थोडी थोडी घ्या. उरलेल्यांना झावळ्यांचे हातभर तुकडे, भाताचा पेंढा, पातेरा, जे मिळेल ते चार बोटं जाड पसरा. ताजा पेंढा किंवा काथ्याचा भुसा कुजताना जमिनीतला नत्र ओढतो, म्हणून खाली शेणखत घातल्याशिवाय तो पसरू नका. प्लास्टिकच्या कागदाच्या फंदात मोठ्या माडांसाठी पडू नका. तो कुजून मातीत मिसळत नाही.

आम्ही घोडबंदर रोडवरच्या शहाळेवाल्यांकडून सालं आणतो. त्यांना ती टाकायला जागा नसते, आपल्याला हवीच असतात. ही सालं पोकळ बाजू खाली आणि पाठ वर करूनच ठेवायची. एक तर वरून ऊन अडतं आणि खाली ओल टिकते. दुसरं म्हणजे उताणी राहिली तर पावसाचं पाणी साचून डासांच्या अळ्या होतात, आणि आमच्याकडे डेंग्यूचा धोका मोठा आहे. आत वाटी राहिलेली असेल तर कोयत्याने फोडूनच टाका. चर खणून सोडणं पुरायची असतील तेव्हा मात्र उलट करतात: पोकळ बाजू वर, म्हणजे पाणी त्यात धरून राहतं. अशा पुरलेल्या सोडणांचा उपयोग पाच-सहा वर्षं होतो.

एप्रिलमध्ये एखादं साल हलकेच उचलून बघा. खालची माती काळसर, हाताला गार लागते, आणि पांढऱ्या कोवळ्या मुळ्या थेट सालाच्या तंतूंत शिरलेल्या दिसतात. म्हणूनच भर उन्हाळ्यात कुणी वाडी ‘साफ’ करायला निघालं तर मी कळकळीने थांबवते. आच्छादन काढलं की त्या मुळ्या एका दुपारीत वाळतात.

आता फळगळ. पाण्याचा ताण हे मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. परागीभवन नीट न होणं, अन्नद्रव्यं कमी पडणं आणि कीड यांनीही फळं गळतात. ताण कमी झाला तरी याच उन्हाळ्यात मोठा फरक दिसेल अशी आशा धरू नका. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलण्याआधी दोन-अडीच वर्षांहून जास्त काळ ती माडाच्या आत घडत असते, आणि उमलल्यावर नारळ तयार व्हायला आणखी वर्षभर लागतं. एका कोरड्या उन्हाळ्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षं बसतो, आणि काळजी घेतल्याचं फळही तितकंच उशिरा मिळतं. तेलाच्या हिशेबात नुसते नारळ मोजू नका, फोडल्यावर खोबरं किती जाड आहे तेही बघा.

विहिरीत पाणी आहे तोवर ते ठिबकने, आच्छादनाखाली नळी घालून द्या. मोठ्या माडाला उन्हाळ्यात रोज तीस-चाळीस लिटर पुरतात. सगळ्यांना पुरेल इतकं नसेल तर आधी लहान रोपं जगवा.

दोन धोके सांगते. लहान रोपांना सुक्या पेंढ्यातून वाळवी लागते, आठवड्यातून एकदा पेंढा उचलून बघत जा. माडाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याच्या अळ्या शेणाच्या खड्ड्यात आणि कुजक्या खोडांत वाढतात. आळ्यात पातळ पसरलेल्या थराची एवढी भीती नाही, पण वाडीत कुजका ढीग रचून ठेवू नका.

राहिले मोह. जुन्या मोहाची मुळं खोल गेलेली असतात, त्याला बाहेरून काही आणून घालायची गरज नाही. त्याचा स्वतःचा पाचोळा खाली राहू द्या, एवढंच पुरे. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाचोळा पेटवतात, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायलाही, गोळा करून नेतात. त्या आगीत मोहाची नवी रोपं जळतात आणि ओल धरणारा थरही जातो. फुलं पडण्याच्या दिवसांत झाडाखाली जुनं जाळं किंवा साड्या अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात आणि टोळ (मोहाची फळं-बिया) पडायला लागतील तेव्हा तेच अंथरूण पुन्हा कामाला येतं.