फौज आणि मग ट्रक: आजोबांचं आयुष्य लिहून काढायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की आजोबा पंधरा वर्षं फौजेत होते, नंतर वीसेक वर्षं ट्रकवर. वर्षश्राद्धापर्यंत त्यांच्यावर चार पानं लिहायची आहेत, पण 'शूर, कष्टाळू, प्रेमळ' याच्या पुढे लेखणी सरकत नाही. ती सरकणारही नाही, कारण हे शब्द कुणालाही लागू पडतात. आधी त्यांची ट्रंक उघडा.

सगळ्यात मोलाचं म्हणजे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेली सेवेची नोंदवही. त्यात सेना क्रमांक, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, ट्रेड (फौजेतलं नेमून दिलेलं काम), पदकं, वर्तणुकीचा शेरा असं सगळं असतं. ट्रेड 'ड्रायव्हर एमटी' (मेकॅनिकल ट्रान्सपोर्ट, म्हणजे मोटारगाड्यांचा चालक) असेल तर ट्रकचं मूळ तिथेच सापडलं. त्या पिढीचा हात जबलपूरला बनणाऱ्या तीन टनी शक्तिमान ट्रकवर बसायचा. जन्मतारीख मात्र शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा, भरतीच्या वेळी ती अंदाजानेही लिहिली जायची. बुक हरवलं असेल तर पेन्शनच्या पीपीओवरचा (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा) सेना क्रमांक घेऊन त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे). जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मदत मिळते. आजींच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद व्हायचे असतील तर तेही त्याच फेरीत उरका.

पदकांपाशी लोक हमखास चुकतात. संग्राम पदक १९७१ च्या युद्धकाळात सेवेत असलेल्या असंख्य जणांना मिळालं, त्यामुळे तेवढ्यावरून 'आघाडीवर लढले' असं लिहू नका. सोबत पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार असेल तर ते त्या रणक्षेत्रात होते. १९६५ चंही तसंच: रक्षा पदक सरसकट, समर सेवा स्टार प्रत्यक्ष मोहिमेतल्या सेवेसाठी. सैन्य सेवा पदकाच्या फितीवरची पट्टी वाचा. 'हिमालय' किंवा 'जम्मू काश्मीर' असेल तर पोस्टिंगचा मुलूख कळला. पदक तिरप्या उजेडात धरलं की कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव उमटलेलं दिसतं. ब्रासो लावून घासू नका, ती अक्षरं झिजतात. आणि लढाईत नव्हते असं निघालं तरी काही कमी होत नाही. पहाटे तीनला बर्फात गाडी चालू करून रसद पोचवणं हीसुद्धा फौजच.

घरच्या पत्रांवर गावाचं नाव नसेल, '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय) असेल. ढोबळमानाने पहिलं उत्तर-पश्चिमेकडचं, दुसरं पूर्वेकडचं.

ट्रकच्या वर्षांचे कागद कमी उरतात. म्हणून फोटोतली नंबर प्लेट बघा: तीन अक्षरं आणि पुढे आकडे असतील तर गाडीची नोंदणी १९८९ च्या आधीची, एमएच आणि जिल्ह्याचा आकडा असेल तर नंतरची. लायसनवरचे नूतनीकरणाचे शिक्के कुठल्या आरटीओचे आहेत यावरून तेव्हाचा मुक्काम समजतो. बिल्टी (ट्रकमधल्या मालाची पावती) सापडली तर सोनंच: माल, वजन, कुठून कुठे, तारीख, सगळं एका कागदावर. कार्बन कॉपी उडत चाललेली असते, आधी फोटो काढा.

मग त्यांच्या जुन्या क्लिनरला गाठा. 'कसे होते हो?' असं विचारलंत तर 'देवमाणूस' एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा हे विचारा: गाडी स्वतःची की मालकाची? हप्ता किती? कसारा घाटाच्या उतारावर कुठला गिअर ठेवायचे? जकात नाक्यावर रात्र काढावी लागली तर झोपायचं कुठे? स्प्रिंगचा पाटा तुटला तर काय करायचे? यातल्या एखाद्या उत्तरात आजोबा उभे राहतील.

कुटुंबाचा भाग शेवटी लिहा, पण त्याची तयारी आधी करा. एका कागदावर दोन रकाने आखा. डावीकडे पोस्टिंग, सुट्ट्या, ट्रकच्या फेऱ्या. उजवीकडे लग्न, मुलांचे जन्म, आजारपणं, घराचं बांधकाम. फौजेतल्या काळातलं लग्न आणि मुलांचे जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या वैयक्तिक बदलांची फौजी नोंद) नोंदवलेले असतात. कुठल्या मुलाच्या जन्माला ते नव्हते, हे रकाने शेजारी ठेवले की आपोआप दिसतं. तो कागद घेऊन आजींसमोर बसा आणि एकेक ओळ वाचून 'तेव्हा घरी कोण होतं, पैसे कसे यायचे?' एवढंच विचारा. मनीऑर्डरच्या पावत्या बहुधा त्यांच्याच डब्यात असतील.