"पटत नसेल तर दाखला घेऊन जा"

"ताई, शाळेत तक्रार केली की राग पोरावर निघतो. मग गप्पच बसायचं का?" पालक आणि शाळा यांच्यात समेट घडवताना हा प्रश्न मला दर आठवड्याला एकदा तरी येतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका दादांचंच सांगते (ओळख पटेल ते तपशील बदललेत). गृहपाठ नाही म्हणून सहावीतल्या मुलाला चार दिवस वर्गाबाहेर उभं केलं. दादा मजुरी बुडवून शाळेत गेले, आवाज चढला आणि वरचं वाक्य ऐकून परतले. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही, शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६, हे मी आधी सांगितलं. त्यांनी ते खताच्या पावतीमागे लिहून घेतलं.

मग दोन्ही बाजूंना वेगवेगळं भेटले. दादा म्हणाले, "आमले कोनी सांगं नही." बाई म्हणाल्या, "अकरा वेळा कळवलं." दोघंही खरंच बोलत होते. डायरीत लाल शाईत अकरा वेळा ‘पालकांनी भेटावे’ आणि प्रत्येक शेऱ्याखाली वडिलांची सही. त्या सहीतली वेलांटी थेट मुलाच्या वहीतली! एकट्याला विचारलं तर म्हणाला, "पप्पांना बोलावलं की रोज बुडतो."

सहीचं त्याने घरी माझ्यासमोर स्वतः सांगितलं. शाळेत मात्र मी "डायरी घरी पोचत नव्हती" एवढंच बोलले. थोडी लपवाछपवी झाली खरी, पण पोराला पुन्हा आरोपी करायचं नव्हतं.

बैठक मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर नको म्हटलं, कारण तिथे दादा खुर्ची असूनही उभेच राहत. प्रयोगशाळेतल्या स्टुलांवर बसलो. बाई मूळच्या धरणगावकडच्या निघाल्या; त्या अहिराणीत बोलायला लागल्या तसा दादांचा आवाज खाली आला. ठरलं ते अर्ध्या पानात लिहून सगळ्यांनी सह्या केल्या: शेरा डायरीत नाही, संध्याकाळी सहानंतर फोन, गृहपाठ शाळा भरण्याआधी अर्धा तास तिथेच. बाहेर उभं करणं बंद, यावर मात्र घासाघीस नव्हती. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. मुख्याध्यापकांनी कुरकुरत मान्य केलं.

मारहाण किंवा नको तो स्पर्श असेल तर मात्र समेटासाठी माझ्याकडे येऊ नका. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

महिन्याभराने दादांना विचारलं, "राग निघाला का पोरावर?"

"राग कसला ताई! बाई रोज फोन करतात. जरा कमी करा म्हणावं."